फोडणीचा पंखा

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी शुगर लँडमधल्या एका घराच्या ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, पालथा पडून डक्टचं भोक शोधत होतो. त्यांना 'अमेरिकेतले मराठी उद्योजक' या विभागासाठी लेख हवा होता. मी म्हटलं, "बाई, उद्योजक सूट घालून स्टेजवर बसतात. मी गुडघ्यांना पॅड बांधून लोकांच्या माळ्यावर रांगतो." त्या म्हणाल्या, "मग रांगण्याबद्दल लिहा." बाई हुशार आहेत. पण रांगण्याबद्दल लिहायचं तर मला भीतीबद्दल लिहावं लागेल, कारण या धंद्यात मी आधी घाबरायला शिकलो आणि मग पाना धरायला.

माझा धंदा एसी आणि हीटिंगचा. ह्यूस्टनच्या या बाजूला उन्हाळा असा की घरातला एसी बंद पडला तर माणसं गाडीचा एसी लावून ड्राइव्ह-वेवर बसून राहतात. अशा वेळी मी दारात दिसलो की जावयासारखं स्वागत होतं. ताक येतं, चिवडा येतो, "काका, आधी बसा तरी" होतं. उकाडा वाईटच, पण आपल्याला त्रास होतोय हे माणसाला उकाड्यात निदान कळतं. हिवाळ्याचं तसं नाही. इथला हिवाळा चार दिवसांचा पाहुणा, म्हणून त्याला कोणी गंभीरपणे घेत नाही. मी घेतो.

हे जरा समजावून सांगतो. इथल्या बऱ्याच घरांत फर्नेस गॅसवर चालते. एका लोखंडी पेटीत गॅस जळतो, पेटी तापते, तिच्या बाहेरून घरातली हवा खेळते आणि गरम होऊन खोल्यांत जाते. पाणी तापवायची टाकीही गॅसचीच. जळून झालेला गॅस एका पत्र्याच्या नळीतून छपराबाहेर जातो. गरम धूर वर चढतो एवढ्याच भरवशावर ती नळी चालते. त्याला कोणी ढकलत नाही, ओढत नाही. काही कारणाने तो उलटा फिरून घरात आला तर त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग गुंगी येते. त्यापुढचं मला लिहवत नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका घरी हीटिंग चालू असूनही एक खोली गार राहायची. सगळं तपासलं, काही सापडेना. शेवटी व्हेंटची जाळी काढली तर आतून एक अख्खी सुती साडी निघाली. भारतातून आलेल्या सासूबाईंनी उन्हाळ्यात गार वारा लागतो म्हणून कोंबली होती. सूनबाई माझ्याकडे बघत राहिल्या, सासूबाई टीव्हीकडे. दुसऱ्या एका घरी नवरा थर्मोस्टॅट खाली करायचा आणि बायको वर. नवऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, ह्याला पासवर्ड लावता येतो का?" येतो. पण मी नाही म्हणून सांगितलं, मला त्या घरात पुन्हा जेवायला जायचं होतं.

आता लायसन्स. लोकांना वाटतं की ते म्हणजे सरकारी कागद आणि फी. टेक्सासमध्ये स्वतःच्या नावावर हे काम घ्यायचं तर आधी लायसन्स असलेल्या माणसाच्या हाताखाली चार वर्षं काम करावं लागतं. मग परीक्षा. मग विमा, म्हणजे तुमच्या हातून कोणाचं घर जळलं तर भरपाई देणारं कोणी पाहिजे. मग दर वर्षी नूतनीकरण आणि थोडा अभ्यास. लायसन्सचा नंबर गाडीच्या दोन्ही बाजूंना मोठ्या आकड्यांत लिहावा लागतो. माझी मुलगी शाळेत असताना त्या गाडीतून उतरायला लाजायची. "बाबा, प्लीज ड्रॉप मी ॲट द कॉर्नर," म्हणायची. स्वतःच्या घरात स्वतः काम करायला कायदा अडवत नाही. दुसऱ्याच्या घरात गेलात की लायसन्स हवं.

मी नागपूरहून डिप्लोमा करून आणि बुटीबोरीला कोल्ड स्टोरेजची नोकरी करून आलो होतो. मला वाटलं, मला काय शिकवणार हे? इथे ते काम मोजायला कोणी तयार नव्हतं. पुन्हा मदतनीस झालो, वॉल्टर नावाच्या एका टेक्सन म्हाताऱ्याच्या हाताखाली. त्याची शिकवायची पद्धत अशी की फर्नेससमोर मला उभं करायचा आणि विचारायचा, "ही तुला कशी मारेल ते सांग." दुरुस्ती कशी करायची हे नंतर. आग लागून मारेल, शॉकने मारेल, गॅस गळून मारेल, एवढं सांगून मी थांबायचो. तो म्हणायचा, "आणि न सांगता?" त्या वेळी मला तो विक्षिप्त वाटायचा. आता वाटतं की ती चार वर्षं या एका प्रश्नासाठीच ठेवलेली आहेत.

प्रसादला हे पटायचं नाही. प्रसाद पुण्याचा, आयटीत, वर्क व्हिसावर आलेला. मोठा गुणी मुलगा. मंडळाच्या गणपतीचं डेकोरेशन त्याच्याकडे, साउंड सिस्टिम त्याच्याकडे, कोणाच्या घरी फर्निचर जोडायचं असलं तरी प्रसाद. यूट्यूबवर बघून वाटेल ते करायचा आणि चहाखेरीज काही घ्यायचा नाही. आपल्या लोकांची इथली सगळ्यात मोठी घरगुती अडचण म्हणजे फोडणीचा वास. बंद घर, सोफ्यात, पडद्यांत, कोटात मोहरी-हिंग मुरतं आणि ऑफिसात लिफ्टमध्ये लोक बाजूला सरकतात. प्रसादने यावर उपाय काढला. हॉटेलात असतो तसा दांडगा एक्झॉस्ट पंखा त्याने स्वतःच्या किचनमध्ये बसवला. वास गायब. मग काय, ग्रुपवर फोटो पडले आणि घरोघरी मागणी सुरू झाली. सगळे त्याला फोडणीचा पंखाच म्हणायचे.

एकदा तो माझ्याकडे आला. "काका, एका सोसायटीत सिटीचं परमिट मागतायत. तुमचा नंबर टाका ना फक्त. काम मी करतो."

"नंबर टाकला म्हणजे काम मी केलं. मी येऊन बघतो, नीट करू."

"अहो, तुम्ही आलात की हवा आत यायला वेगळी डक्ट हवी म्हणणार, वॉल फोडणार. लोक नको म्हणतात. आणि मी कुठे पैसे घेतो? बिझनेस थोडाच आहे हा?"

"गॅसला काय माहीत, तू पैसे घेतोस की नाही?"

"काका, किती फॉर्मल झालात यार तुम्ही," तो म्हणाला आणि चहा न घेता गेला. ते काम त्याने सोडून दिलं, पण बाकीची चालू राहिली. ग्रुपवर मी काय म्हणालो ते मीठमसाला लावून पोचलं. एकाने तर लिहिलं की एसीवाले काकांना कॉम्पिटिशनचा त्रास होतोय. मी उत्तर दिलं नाही. आता वाटतं, चांगलं भांडायला हवं होतं.

संक्रांतीच्या आधीचा शनिवार होता. रात्री पाणी गोठवणारी थंडी येणार म्हणून फोनवर सारखे इशारे येत होते. सकाळी वैशालीचा फोन आला. ती ओळखीतलीच, एका ऑइल कंपनीत नोकरी करते. वरची खोली तापत नाही म्हणाली. गेलो तर बाई डोक्याला ओढणी घट्ट बांधून गुळपोळ्या लाटत होत्या. मंडळाच्या हळदीकुंकवासाठी शंभर पोळ्यांचा विडा उचलला होता. डोक्यावर प्रसादचा पंखा घरघरत होता.

"काय गं, बरं नाही का?"

"पित्त हो काका. आईला फोन केला, ती म्हणते सूतशेखर घे. घेतली. ह्या थंडीत दर वीकेंडला होतंय. मंडेला ऑफिसला गेले की एकदम ओके."

आपल्या माणसाचं डोकं दुखलं की ते पित्तच असतं. माझ्याही घरी तसंच. पण घराबाहेर गेल्यावर बरं होणारं पित्त मी ऐकलं नव्हतं. ते वाक्य कानात असतानाच मी बोळातल्या कपाटाकडे चाललो होतो. त्या जुन्या धाटणीच्या घरात फर्नेस आणि पाण्याची टाकी किचनला लागून असलेल्या कपाटात आहे. दार उघडायच्या आतच माझ्या कमरेला लावलेला कार्बन मोनॉक्साइडचा मीटर किंचाळायला लागला. गॅस बंद केला, वैशालीला दंडाला धरून बाहेर आणलं. ती म्हणत होती, "काका, पोळी जळेल."

फायर डिपार्टमेंटची माणसं आली, तिला गाडीत बसवून ऑक्सिजन लावला. घर मोकळं झाल्यावर त्यांच्यासमोर मी देवघरातली एक उदबत्ती मागून घेतली. खिडक्या लावल्या, पंखा चालू केला आणि उदबत्ती टाकीच्या धुराच्या नळीखाली धरली. धूर वर जायला हवा. तो खाली वळला आणि सरळ माझ्या तोंडावर आला. पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता, आणि दारं-खिडक्या बंद असल्यामुळे तेवढी हवा आत यायला एकच वाट उरली होती. ती वाट म्हणजे धुराची नळी. जितका जास्त स्वयंपाक, तितका वेळ पंखा. वीकेंडचं पित्त ते हेच.

"अलार्म कुठाय?" मी वैशालीला विचारलं. या वायूचा अलार्म घरात असतो, बऱ्याचदा धुराच्या अलार्ममध्येच.

तिने मान खाली घातली. "फोडणी टाकली की बोंबलतो हो तो. काढून ड्रॉवरमध्ये ठेवलाय."

ठेवलेलाच असतो. आपल्या किती घरांत तो चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये झोपलेला मी पाहिला आहे. मी ड्राइव्ह-वेवर उभा राहून प्रसादला फोन लावला. काय झालं ते सांगितलं. मग विचारलं,

"किती घरांत बसवलेस?"

"काका... माझं घर धरून सात... आठ असतील. सगळ्यांचं गॅस हीटिंग असेल का?"

"ते बघायलाच निघायचंय. आज रात्री सगळे खिडक्या लावून हीटिंग फुल करणार. आधी सगळ्यांना मेसेज टाक, पंखा बंद करा म्हणून. मग माझ्याकडे ये."

ग्रुपवर मेसेज गेला. कोणी 'ओके'चा अंगठा टाकला, कोणी विचारलं की मग वासाचं काय करायचं. एकाने हसण्याची चित्रं टाकून लिहिलं, "काकांचा विंटर सेल सुरू." आम्ही दोघं माझ्या गाडीतून घरोघर फिरलो. बहुतेक घरं नवीन निघाली. त्यांची फर्नेस वर माळ्यावर आणि टाकी गॅरेजमध्ये होती, किचनच्या पंख्याची ओढ तिथवर पोचत नव्हती. दोन ठिकाणी मला शंका आली, तिथे पंख्याची वायरच काढून ठेवली. प्रत्येक दारात बेल वाजवल्यापासून दार उघडेपर्यंत मी आतल्या पावलांचा कानोसा घ्यायचो. दार उघडलं की मी मूर्खासारखा हसायचो. लोक म्हणायचे, "या ना, तिळगूळ घ्या."

शेवटचं घर झालं आणि मी गाडी घरच्या रस्त्याला वळवली. वारा उत्तरेकडून सुटला होता. इतक्यात प्रसाद म्हणाला, "काका, थांबा. अजून एक आहे. निखिलकडे लावलाय. आई-बाबा येणार होते म्हणून घाईत लावून दिला होता, फोटोपण टाकला नाही." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "ते घर जुनं आहे, काका. कपाटवालं."

निखिल आणि त्याची बायको वीकेंडसाठी चार तासांच्या रस्त्यावर, अर्विंगला मित्रांकडे गेले होते. घरी साताऱ्याहून आलेले आई-वडील, लीलामावशी आणि वामनकाका. निखिल ग्रुपवर नव्हता. प्रसादने त्याला फोन लावला, त्याने आईला लावला. आई उचलत नव्हती. बाबाही उचलत नव्हते.

"झोपले असतील दुपारचे," निखिल स्पीकरवर म्हणाला. "हल्ली खूप झोपतात."

मी गाडी किती वेगाने चालवली ते लायसन्स देणाऱ्यांनी वाचू नये. वाटेत मी प्रसादला ९११ लावायला सांगितलं. तो बोलत होता आणि त्याला पत्ता आठवत नव्हता, स्वतः जिथे पंखा बसवला त्या घराचा. मी सांगितला. माझ्या डोक्यात वॉल्टरचा प्रश्न घोळत होता, आणि न सांगता?

घरापाशी उतरलो तर पहिला आवाज आला तो पंख्याचा. बाहेरच्या भिंतीवरची झडप उघडी होती आणि तिच्यातून गरम हवा येत होती. भाजलेल्या तिळाचा खमंग वास अंगणभर पसरला होता. पंखा चालू, म्हणजे आत कोणीतरी स्वयंपाक केला होता. मी बेल वाजवली. पुन्हा वाजवली. दार बडवलं. "मावशी! काका!" ओरडलो. शेजारची गोरी बाई बाहेर आली. प्रसाद मागच्या दाराकडे पळाला, तेही बंद. मी गाडीतून मोठा पाना आणला, खिडकीची काच फोडायला. पहिला घाव चौकटीवरच बसला.

आतून कडी वाजली.

दार उघडलं. लीलामावशी शाल गुंडाळून उभ्या होत्या, केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. भिंतीला धरून म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही होय? किती वेळ वाजवताय? ऐकू येत होतं, पण उठवेचना."

"मावशी, आधी बाहेर या. काका कुठेत?"

"झोपलेत. नका उठवू हो त्यांना." त्या हसल्या. "काय सांगू, साताऱ्याला आम्हा दोघांना झोपेच्या गोळ्या लागायच्या. इथे आल्यापासून काय छान झोप लागते! उठावंसंच वाटत नाही. निखिलला म्हटलंसुद्धा, तुझ्या अमेरिकेची हवाच चांगली."

आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नाही. मी त्यांना प्रसादच्या हातात दिलं, श्वास रोखला आणि आत शिरलो. आधी पंखा बंद केला, समोरचं दार उघडं टाकलं. मीटरचा आवाज घरभर घुमत होता, अलार्मचा मात्र नाही, तो इथेही ड्रॉवरमध्येच असणार. वामनकाका आतल्या खोलीत पांघरूण कानांवर ओढून पडले होते. हलवलं, हाक मारली, गालावर चापट्या मारल्या. त्यांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. मी त्यांना काखेत धरून ओढलं. माणूस किती जड असतो! बोळात माझा श्वास संपला आणि घ्यावा लागला. तेवढ्यात समोरून प्रसाद आला. मी त्याला येऊ नको म्हणून ओरडलो, पण त्याने काकांचे पाय उचलले आणि आम्ही तिघं हिरवळीवर जाऊन पडलो.

अँब्युलन्स आली. ऑक्सिजनचा मास्क लावल्यावर थोड्या वेळाने काकांनी इकडे तिकडे पाहिलं आणि मास्कच्या आतून विचारलं, "माझा चष्मा?" प्रसाद हिरवळीवर बसून हमसून हमसून रडायला लागला. मावशींना त्याचंच वाईट वाटत होतं. "पोराला काय झालं?" त्या मला विचारत होत्या. मी काय सांगणार? पंखा त्याने प्रेमाने बसवला होता, एक पैसा घेतला नव्हता. ते सगळं खरं होतं. फायर डिपार्टमेंटच्या माणसाने पंखा कोणी लावला विचारलं, तेव्हा प्रसाद उठून उभा राहिला आणि म्हणाला, मी लावला. मला लायसन्स नाही. व्हिसावरच्या माणसाला ते वाक्य बोलताना काय वाटत असेल ते ज्याचं त्यालाच माहीत. त्यानंतर त्याने कोणाच्या घरात स्क्रूसुद्धा पिळला नाही. आता तो लोकांना आधी एसीवाल्या काकांना बोलवा म्हणून सांगतो, आणि काही लोक त्यालाही फॉर्मल झालास म्हणतात.

हॉस्पिटलने दोघांना तपासून संध्याकाळी सोडलं. निखिलच्या घराचा गॅस मी बंद करून 'वापरू नका' अशी लाल चिठ्ठी लावली होती, तो अर्विंगहून निघालेला होता पण रस्ते गोठायला लागले होते. म्हणून मावशी आणि काका आमच्याकडेच राहिले. आमची फर्नेस मी त्या संध्याकाळी उघडून पुन्हा तपासली. सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "अहो, तुम्हीच बसवलीय ना ती?" तरी तपासली.

सकाळी उठून बाहेर आलो तर मावशी डायनिंग टेबलाशी चहा घेऊन बसल्या होत्या. चेहरा ओढलेला, डोळे लाल. मला बघताच तक्रार सुरू झाली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही हो. नवीन जागा, ती गादी मऊ, आणि हे! हे तर असे घोरत होते की भिंती हलाव्यात. तीनदा उठून बसले. साताऱ्याला होतं ना, अगदी तस्संच. माझी मेलीची गोळीपण निखिलकडेच राहिली."

मी तसाच मागे फिरलो आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. सुनंदाने दार वाजवलं. "अहो, काय झालं? रडताय का?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "मावशींना झोप लागली नाही."